चमचाभर मूत्र आणि दोन जीव : गर्भारपणातील झटक्यांचा इतिहास

१/ पहिलटकरणीच्या अंगावर सूज, डोके जड, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग अकस्मात झटके. पूर्वी याचा दोष बाहेरच्या बाधेला किंवा नशिबाला दिला जाई. या व्याधीची पहिली भरवशाची खूण मात्र मूत्रात सापडली.

२/ १८२७. लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी सूज आणि मूत्रपिंडाचा विकार यांचा संबंध दाखवला. अशा रुग्णाचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवले की साकळे. कारण बिघडलेल्या मूत्रपिंडातून प्रथिने निसटत.

३/ १८४३. त्याच रुग्णालयातील जॉन लीव्हर यांनी झटके आलेल्या स्त्रियांना ही कसोटी लावली. प्रथिने आढळली. पडताळ्यासाठी त्यांनी ५०हून अधिक बाळंतिणींचे मूत्र तपासले. झटके वा तत्सम लक्षणे नसलेल्यांत ती नव्हती. प्रसूतीनंतर ती ओसरतही. अर्थात, हा जुनाट मूत्रपिंडविकार नव्हता.

४/ १८९६ मध्ये रिवा-रोची यांचे रक्तदाबमापक आले. पुढच्याच वर्षी वाके आणि नोबेकूर यांनी अशा रुग्णांत उच्च रक्तदाब नोंदवला. झटक्यांपूर्वीच धोका ओळखण्याची वाट उघडली.

५/ १९५९ मध्ये स्पार्गो व सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडाच्या गाळणीतील केशवाहिन्यांचे अस्तर सुजलेले दिसले. २००३ मध्ये अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवले, की वारेतून आईच्या रक्तात जाणारे एक प्रथिन या अस्तराचे पोषण रोखते. मूळ वारेत, खूण मूत्रपिंडात!

६/ पण ज्ञान गावापर्यंत पोचवणार कोण? १९७० मध्ये नगर जिल्ह्यातील जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम आरंभले. बहुतांशी निरक्षर अशा गावातल्याच स्त्रियांना त्यांनी गर्भवतींची देखभाल करण्यास आणि अवघडलेली बाळंतपणे वेळेत रुग्णालयात धाडण्यास शिकवले. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

७/ २००२ मध्ये ३३ देशांतील १०,०००हून अधिक स्त्रियांवरील मॅगपाय चाचणीने सिद्ध केले, की मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणते. मात्र व्याधी उतरते ती बाळ व वार बाहेर आल्यावरच. म्हणून वेळेत निदान हेच खरे शस्त्र.

८/ त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, प्रवरेच्या पाण्यावर ऊस पिकवणारे श्रीरामपूर आहे. २०१६पासून देशभरातील सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथल्या रांगेत दंडावर पट्टा बांधून घेणारी आणि मूत्राची बाटली हाती धरलेली प्रत्येक स्त्री या पावणेदोनशे वर्षांच्या शोधाची वारसदार आहे.