आळ्याची समाधी

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी एका रेड्याची समाधी आहे. पैठणास ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तोच हा रेडा, आणि आळंदीस परतताना याच भूमीवर त्याने देह ठेवला, असे परंपरा सांगते.

ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूच्या आज्ञेवरून पुन्हा गृहस्थाश्रमात आले, एवढ्या एका रूढीबाह्य कृत्यासाठी आळंदीच्या ब्रह्मवृंदाने त्यांना वाळीत टाकले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि मातापित्यांनी ते घेतल्यावरही पोरक्या मुलांची मुंज अडवून त्यांना पैठणच्या धर्मसभेचे शुद्धिपत्र आणावयास धाडले. त्या पत्राचा काळ परंपरेने शके १२०९, म्हणजे इ. स. १२८७, मानला जातो. पखाल वाहणाऱ्या त्या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे, असा उपहास तेथे झाला. त्याच्या पाठीवर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे, आणि मला वेदघोषापेक्षा हे वळच अधिक मोलाचे वाटतात.

बहिष्कार म्हणजे न्हाव्याने हजामत करू नये, परटाने वस्त्रे घेऊ नयेत, पंगतीत पान मांडू नये, सोयरीक जुळवू नये. आणि मराठेशाहीत परत यावयाचे तर गोतसभेची मजलस, प्रायश्चित्त, शुद्धिपत्र, सरकारात गुन्हेगारीचा, म्हणजे दंडाचा, भरणा आणि अखेरीस गोतास जेवण. आचार मोडलेल्याला समाजात जागा मिळे, पण ती अशी मागून घ्यावी लागे. नेताजी पालकरांना १६७६ साली स्वधर्मात परत घेतले गेले, ते खुद्द शिवछत्रपती पाठीशी होते म्हणून.

आळ्याच्या कुणब्यांनी मात्र कुणाचा कागद मागितला नाही. ज्या प्राण्याच्या नशिबी पखालीचे ओझे आणि दसऱ्याचा बळी, त्याची समाधी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, चैत्रात यात्रा भरविली आणि त्याच्या नावाची पालखी पंढरीस नेली.

जिवंत माणसांच्या वाट्यास हे औदार्य इतक्या सहज आले नाही. जवळच्याच नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पंच तेथे बसून यात्रेच्या खेळाची सुपारी देतात. याच गावच्या तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींनी गौरविले, खेड्याखेड्यांतल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. आणि २००२ साली त्या निवर्तल्या, तेव्हा रुग्णालयाचा खर्च दात्यांच्या मदतीतून भागवावा लागला.