टुमामॉक टेकडीचें कुंपण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आरिझोना प्रांतांत टूसॉन म्हणून शहर आहे. त्याच्या पश्चिम अंगास काळ्या ज्वालामुखी दगडाची एक टेकडी आहे, तिला टुमामॉक म्हणतात. हें नांव तेथील मूळच्या ओओधाम लोकांच्या भाषेंतलें असून त्याचा अर्थ शिंगाळ सरड्याची टेकडी असा आहे. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारें ३,१०० फूट. वर्षाकाठीं पाऊस अकरा-बारा इंच, आणि तोहि दोन वेळां विभागून येणारा: कांहीं हिंवाळ्यांत रिमझिम, कांहीं उन्हाळ्याच्या अखेरीस गडगडाटासह. या टेकडीवर इ. स. १९०३ सालीं वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठीं एक प्रयोगशाळा निघाली. तिच्या आवारांत संशोधकांनीं काय करावें आणि विशेषतः काय करूं नये, याचे निर्बंध कसे घडत गेले, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

हा विषय वनस्पतिशास्त्राचा, त्याची इतिहासाच्या त्रैमासिकांत काय गरज, अशी शंका कोणी घेईल. आमचें उत्तर एवढेंच कीं, या टेकडीची जमीन स्वतःच एक दप्तर झालेली आहे. दप्तरावर पुढील हातांनीं खाडाखोड होऊं नये म्हणून काय तजवीज केली आणि ती कोठें फसली, हा प्रश्न इतिहाससंशोधकाच्या रोजच्या व्यवहारांतला आहे. शिवाय या प्रकरणीं तारखांचा एक घोटाळा रूढ झालेला आढळतो. “१९०३ सालीं प्रयोगशाळा स्थापून टेकडी राखून ठेवली” असें एका दमांत सांगण्याची वहिवाट आहे. वास्तविक प्रयोगशाळा, कुंपण, मोजणीच्या चौकटी आणि कायद्याचें संरक्षण या चार निरनिराळ्या गोष्टी असून त्यांचा काळहि निरनिराळा आहे.

प्रयोगशाळेचा उगम असा. अँड्र्यू कार्नेगी या धनिकाच्या देणगींतून वॉशिंग्टन येथें १९०२ सालीं कार्नेगी इन्स्टिट्यूशन ही संस्था उभी राहिली. फ्रेडरिक कोव्हिल हे सरकारी शेतकी खात्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ १८९१ सालीं डेथ व्हॅली या रुक्ष खोऱ्याच्या पाहणींत होते. वाळवंटांतच कायमचें ठाणें देऊन तेथील झाडें अभ्यासिलीं पाहिजेत, ही त्यांची सूचना संस्थेनें मान्य करून ८,००० डॉलर मंजूर केले. कोव्हिल आणि न्यूयॉर्क वनस्पति-उद्यानाचे डॅनियल मॅक्डूगल या दोघांनीं १९०३ च्या आरंभीं टेक्सासपासून कॅलिफोर्नियापर्यंत, आणि सरहद्द ओलांडून मेक्सिकोच्या उत्तर भागांतहि फिरून जागा पाहिल्या. अखेर टूसॉन पसंत पडलें. टूसॉनच्या नागरिकांनीं जमीन, पाणी, रस्ता, वीज व टेलिफोन यांची सोय करून देण्याचें कबूल केलें, हें त्या पसंतीचें एक मोठें कारण होतें. टेकडीच्याच दगडांत इमारत बांधली आणि त्याच वर्षीं विल्यम कॅनन हे पहिले निवासी संशोधक तेथें राहावयास आले.

या पहिल्या टप्प्यांत कुंपण नव्हतें. टेकडी शहराला खेटून, त्यामुळें चरणारीं जनावरें वर येत, तीं हाकलण्याचा अधिकार कोणाचा हेंहि स्पष्ट नव्हतें. मॅक्डूगल हे संस्थेच्या वनस्पति-संशोधन शाखेचे प्रमुख होऊन टूसॉनास आल्यावर १९०६-०७ च्या सुमारास सुमारें ८६० एकरांभोंवतीं तारेचें कुंपण घातलें गेलें, आणि चराई बंद झाली. आमच्याकडे शिवकालीं व पेशवाईंत सरकारी कुरणें राखीत, त्यांत रयतेच्या गुरांस मज्जाव असे. त्या राखणीचा हेतु मात्र घोड्यांस गवत मिळावें हा होता. टुमामॉकवर गवत कोणालाहि द्यावयाचें नव्हतें. जनावर न आल्यास जमीन आपण होऊन काय करिते, तें पाहावयाचें होतें. निव्वळ पाहण्यासाठीं इतकी मोठी जमीन अडवून ठेवल्याचें उदाहरण त्या काळीं विरळा.

कुंपणाच्याच वेळीं, १९०६ सालीं, दुसरी एक गोष्ट झाली आणि आमच्या मतें कुंपणापेक्षां तिचें महत्त्व अधिक. मिशिगन विद्यापीठांतून निवृत्त झालेले व्होल्नी स्पाल्डिंग हे वृद्ध प्राध्यापक पत्नी एफी यांसह टेकडीवर आले होते. त्यांनीं आवारांत ठिकठिकाणीं दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा चौकटी आंखल्या आणि प्रत्येक चौकटींतील बारमाही झाड-झुडूप नकाशावर आपापल्या जागीं टिपून घेतलें. १९०८ सालीं त्यांनीं टेकडीच्या उतारांवरील सग्वारो या महानिवडुंगांचीहि अशीच नोंद केली. पुढील वर्षीं त्यांचा वाळवंटी वनस्पतींच्या वांटणीवरील ग्रंथ छापून निघाला. आंखलेल्या चौकटींत खणावयाचें नाहीं, पेरावयाचें नाहीं, कांहीं उपटावयाचें नाहीं. वर्षें लोटल्यावर पुन्हां येऊन मोजावयाचें, एवढाच त्या कामाचा दंडक होता. तो कामाच्या रीतींतच गृहीत होता; त्यासाठीं वेगळी नियमावली काढावी लागली नाहीं.

या दंडकाचें कारण ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें सग्वारोचें रोप पाहावें. चाळीस फूट उंच वाढणारा आणि दीडशें वर्षें जगणारा हा निवडुंग पहिल्या आठ-दहा वर्षांत बोटाच्या एक-दोन पेरांहून उंच होत नाहीं. पालो व्हेर्दे नामक हिरव्या सालीच्या झाडाखालीं, उन्हापासून आणि कडाक्याच्या थंडीपासून आडोसा मिळाला तरच तें रोप टिकतें. संशोधक वाट सोडून दोन पावलें आडवा चालला, तर दहा वर्षांची वाढ बुटाखालीं जाते आणि ती गेल्याचें त्याला कळतहि नाहीं. १९०८ सालीं तेथें आलेले फॉरेस्ट श्रीव्ह यांनीं पालो व्हेर्देच्या रोपांची एक जागा आंखून वर्षानुवर्षें शिरगणती ठेविली. रुजलेल्यांपैकीं बहुतेक रोपें पहिल्या कांहीं वर्षांतच उंदीर-सशांच्या तोंडीं किंवा अवर्षणानें जातात, थोडीं तग धरितात, असें त्यांस दिसून आलें. कोणतें रोप निसर्गानें मारलें आणि कोणतें माणसानें, हें सांगतां आलें नाहीं तर ही शिरगणती कवडीमोलाची, म्हणून वाट सोडूं नये.

परंतु सर्वच मंडळी या दंडकानें चालत होती असें समजणें चुकीचें होईल. मॅक्डूगल हे मुळांत प्रयोगी वृत्तीचे. झाडांच्या बीजकोशांत रासायनिक द्रव्यें टोंचून पुढच्या पिढींत काय बदल होतो, परमुलखांतील झाडें येथें आणून लावल्यास तीं रुळतात कीं नाहीं, असे उद्योग त्यांनीं पुष्कळ केले. म्हणजे एकाच कुंपणाच्या आंत एकजण जमिनीस हात लावूं नका म्हणे, आणि दुसरा तिच्यांत बाहेरचीं झाडें लावी. या दोहोंची हद्द कोठें, हें त्या वेळीं कोणीं नेमकें ठरविलें नाहीं. आम्ही यास मोठी उणीव समजतों. ज्या दप्तरांत मागाहून कोणी नवे कागद घुसडले आहेत आणि त्यांवर खूण केलेली नाहीं, त्या दप्तराचा भरंवसा काय? तरी मॅक्डूगल यांच्या पदरीं हेंहि घातलें पाहिजे कीं कुंपणाचा खर्च त्यांच्याच कारकीर्दींत झाला, आणि कॅनन यांचें मुळांवरील काम, लिव्हिंग्स्टन यांचें बाष्पीभवनाचें मोजमाप, गॉडफ्रे साइक्स यांची यंत्रें हीं सर्व त्यांच्याच छत्राखालीं वाढलीं. साइक्स हा जन्मानें इंग्रज, धंद्यानें सर्व कांहीं. महिनोगणती कोणी फिरकत नाहीं अशा वैराण जागीं ठेवावयाचीं पर्जन्यमापकें त्यानें बसविलीं. आंतलें पाणी उडून जाऊं नये म्हणून त्यावर तेलाचा थर देण्याची युक्ति होती.

स्पाल्डिंग यांच्या चौकटींस श्रीव्ह यांनीं जिवंत ठेविलें. ते १९२९ सालीं आणि पुन्हां १९३७ सालीं, दुसऱ्या वेळीं हिंकली यांच्या सहकार्यानें, त्यांविषयीं लिहिते झाले. त्या वेळीं वनस्पतिशास्त्रांत फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या मताचा दबदबा होता. उजाड जमिनीवर एकामागून एक वनस्पति-समूह ठराविक क्रमानें येऊन अखेर एका पूर्ण स्थितीस पोंचतात, असें तें मत. क्लेमेंट्स हेहि कार्नेगी संस्थेचेच संशोधक, आणि कांहीं वर्षें टूसॉनासच त्यांचा मुक्काम असे. श्रीव्ह यांचें म्हणणें कीं वाळवंटांत असा क्रम नाहीं. जें झाड मरतें त्याच्या जागीं बहुधा त्याच मेळ्यांतलें झाड उगवतें. वाद शब्दांनीं मिटणारा नव्हता, चौकटी मोजूनच मिटणारा होता. १९३७ च्या लेखांत तीस वर्षांत झाडांची संख्या वाढल्याचें नोंदलें आहे. वाचणारास सहज वाटावें कीं कुंपणाचें हें फळ. परंतु गोल्डबर्ग व टर्नर यांनीं १९०६ ते १९७८ अशा बहात्तर वर्षांचा हिशेब १९८६ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत निराळेंच निघालें: संख्येंत चढउतार मोठे झाले, परंतु चराई बंद झाल्यापासून वनस्पति-मेळा एका ठराविक दिशेनें सरकला असें दिसत नाहीं. तीस वर्षांचा पुरावा एक सांगतो व बहात्तर वर्षांचा दुसरें, ही गोष्ट पांच-पन्नास पत्रांवरून एका कारकीर्दीचा निकाल लावणाऱ्या आम्हां इतिहासवाल्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान खुद्द दप्तरच बुडण्याची वेळ येऊन गेली होती. कार्नेगी संस्थेनें १९४० सालीं प्रयोगशाळा बंद केली आणि सारी मिळकत एका डॉलरच्या नाममात्र किंमतीस सरकारी वनखात्याकडे दिली. ज्या खात्याच्या व्यवहारांत चराईचे परवाने देणें हें एक मोठें काम, त्याच्या हातीं चराईबंदीची टेकडी गेली, हा योग विचित्रच. सुदैवानें कुंपण टिकलें. श्रीव्ह १९५० सालीं वारले. सोनोराच्या वाळवंटावरील त्यांचा ग्रंथ पुढील वर्षीं निघाला. १९६० सालीं आरिझोना विद्यापीठानें टेकडी विकत घेतली आणि १९६५ सालीं ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. म्हणजे सरकारी मान्यतेचा कागद कुंपणानंतर जवळजवळ साठ वर्षांनीं आला! मधल्या काळांत ती टेकडी राखली गेली ती कांहीं माणसांच्या संवयीनें. या संवयीचे तोटेहि झाले. टेकडीवर दळणवळणाचे खांब आले, आवारांतून वायूचे नळ गेले, एका बाजूस शहराचा केरकचरा पुरला गेला. स्पाल्डिंग यांच्या मूळ चौकटींपैकीं पुढें नऊच मोजणींत राहिल्या.

आज तेथील निर्बंध विद्यापीठाचे आहेत. परवानगीवांचून आवारांत संशोधन करतां येत नाहीं, आणि फिरावयास येणाऱ्या नगरवासीयांनीं डांबरी रस्ता सोडून आंत शिरूं नये असा सक्त नियम आहे. यांत केवळ रोपांची काळजी नाहीं. दोन हजारांहून अधिक वर्षांमागील वस्तीचे अवशेष, दगडी बांधांच्या ओळी आणि खडकांत कोरलेलीं चित्रें याच उतारांवर आहेत, आणि ओओधाम लोक टेकडीस पवित्र मानतात. शास्त्रज्ञांच्या आरंभीच्या चर्चेंत वनस्पतींसाठीं जितकी जागा आहे तितकी या लोकांसाठीं नाहीं, हें येथें नोंदलेंच पाहिजे. कुंपणानें गुरें थांबलीं, तसा टेकडीच्या जुन्या धन्यांचा वावरहि कुंपणाच्याच अटींवर आला.

निर्बंधांची खरी कसोटी मात्र अलीकडे एका गवतानें घेतली, आणि त्या गवताचा आमच्या देशाशीं संबंध आहे. आपल्याकडे ज्यास अंजन किंवा धामण म्हणतात, आणि कोरड्या मुलखांतले धनगर व गवळी ज्याची वाट पाहतात, तें गवत आफ्रिकेपासून हिंदुस्थानापर्यंतच्या रुक्ष पट्ट्यांतलें. अमेरिकन सरकारच्या मृद्संधारण खात्यानें केनियांतून आलेलें त्याचें बीं १९४६ सालीं टेक्सासांत शेतकऱ्यांच्या हातीं दिलें. हेतु चांगला होता. उघडी पडलेली जमीन झांकावी आणि गुरांस चारा व्हावा. तें गवत पुढें सोनोराच्या वाळवंटांत पसरलें आणि टुमामॉकच्या उतारांवरहि चढलें. तें वाळून दाट पेटतें, आणि पेटल्यावर पुन्हां जोमानें फुटतें. सग्वारोस आगीची संवय नाहीं. तो होरपळून बहुधा कांहीं वर्षांत मरतो. तारेचें कुंपण गुरांस अडवितें, बियांस नाहीं.

तेव्हां प्रश्न उभा राहिला: हात लावूं नये हा टेकडीचा जुना दंडक, आणि हात न लावल्यास निवडुंगांची १९०८ पासूनची शिरगणती एका वणव्यांत संपण्याची धास्ती. पिअर्सन व टर्नर यांनीं त्या निवडुंगांचा पंचायशीं वर्षांचा हिशेब १९९८ सालीं प्रसिद्ध केलेला असल्यानें, काय गमावण्याचें आहे तें सर्वांस ठाऊक होतें. कांहींजण म्हणतील, गवताचें येणें हाहि एक बदलच, तो पाहावा व टिपावा. आम्हांस हें म्हणणें पटत नाहीं. स्पाल्डिंग यांनीं चौकटी आंखल्या त्या तेथील वनस्पतींस आपसांत काय होतें तें पाहण्यासाठीं. दप्तरखान्यास वाळवी लागली असतां वाळवीचें चरित्र लिहीत बसणें हें दप्तरदाराचें काम नव्हे. तेथील मंडळींनींहि अखेर तोच मार्ग धरिला. स्वयंसेवकांच्या टोळ्या पहारी घेऊन उतारांवर जातात, आणि अंजनाचीं थोंबें मुळासकट उपटून काढितात.

चौकटींची मोजणीहि चालू राहिली. १९०६ पासूनच्या एकशेंसहा वर्षांच्या नोंदी २०१३ सालीं एकत्र करून सर्वांस खुल्या करण्यांत आल्या. हंगामी रोपट्यांची गणती लॉरेन्स व्हेनेबल यांनीं १९८२ च्या सुमारास त्याच टेकडीवर निराळी सुरू केली, तिचें काम पुढें कित्येक दशकें चाललें. कॅनन ज्या दगडी इमारतींत राहावयास आले, ती टेकडीच्या अर्ध्या चढावर अजून उभी आहे, आणि सकाळ-संध्याकाळ शहरचे लोक तिच्यावरून वरच्या शिखराकडे चालत जातात.