नकाशातील रेषेची जाडी

भारताचा समुद्रकिनारा किती लांब आहे? अनेक वर्षे याचे उत्तर ७,५१६ किलोमीटर असे दिले जात होते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या अहवालात हा आकडा ११,०९८ किलोमीटर झाला. महाराष्ट्राचा किनाराही त्यात सुमारे ६५३ वरून ८७८ किलोमीटरवर गेला. समुद्र तोच आणि जमीनही तीच. बदलले ते मुख्यतः नकाशाचे प्रमाण. जुनी मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी १:२,५०,००० प्रमाणावरची. जुन्या नकाशात ज्या लहान खाड्या रेषेखाली बुजल्या होत्या, त्या नव्या नकाशात दिसू लागल्या.

छत्रपती संभाजीनगरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही प्रमाणाचा धडा शिकवताना आपण कोकणाचे उदाहरण घ्यावे असे मला वाटते. तेथे काही जिवांचा निवारा या रेषेच्या जाडीवर अवलंबून राहिला आहे.

भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा, असे पत्र पंतप्रधान इंदिरा गांधींनी नोव्हेंबर १९८१ मध्ये मुख्यमंत्र्यांना लिहिले. त्याला कायद्याचे रूप आले ते फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने. तिवरांची वने, प्रवाळ आणि माशांच्या विणीच्या जागांलगतचा भाग सर्वांत संवेदनशील गटात गेला. राज्यांनी आपापल्या किनाऱ्याचे आराखडे एका वर्षात सादर करायचे होते. ते रखडले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्याबाबत आदेश द्यावे लागले.

आता साधे गणित करू. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. मार्च १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या अधिक बारकाईने पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे ३६ मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ १,३०० चौरस मीटरचा होता. खाडीकाठी १५ मीटर रुंदीची तिवरांची पट्टी असेल, तर तिचा हिरवा रंग चिखल व पाणी यांच्यासह एकाच ठिपक्यात मिसळतो. अशी पट्टी नकाशात वेगळी दिसणे कठीण. मग तेथे भराव पडला तरी कागदोपत्री काहीच नष्ट होत नाही! प्रत्यक्षात मात्र कोळंबी, खेकडे आणि लहान मासे यांचे पाळणाघर गेलेले असते.

म्हणूनच ६ ऑक्टोबर २००५ चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश महत्त्वाचा ठरतो. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला मनाई केली, आणि उपग्रहचित्रांच्या आधारे तिवरांचे नकाशे करण्यास सांगितले. हे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. सरकारी जमिनीवरील तिवरांना संरक्षित वनाचा दर्जा देण्याचा मार्ग त्यातून मोकळा झाला. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला.

नकाशा झाला म्हणजे झाड वाचलेच, असे मात्र नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडण्यास याच न्यायालयाने परवानगी दिली. पण ती मागावी लागली, आणि झाडांची संख्या सांगावी लागली. नकाशाने एवढे साधले.

समुद्रकासवाचा प्रश्न आणखी अवघड आहे. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत येते, अंडी पुरते आणि परत जाते. उपग्रहाला तेथे फक्त वाळू दिसते. येथे नकाशा करायचा तर माणसेच हवीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने वेळास येथे घरटी शोधून राखण्याचे काम सुरू केले. गावकरी पहाटे किनारा चालत, पाऊलखुणांवरून घरटे शोधत आणि त्याची नोंद ठेवत. २०११ च्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा संवेदनशील गटात नावानिशी आल्या, तेव्हा अशा नोंदींचे मोल कळले. नोंद नसलेली वाळू कायद्याच्या दृष्टीने साधी वाळूच राहते.

२०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीची पट्टी २०० मीटरवरून ५० मीटरवर आणली. आपल्या १ मिलिमीटरच्या रेषेची जाडी आठवा. २५ मीटरची चूक आता पट्टीच्या निम्म्याएवढी होते.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला 'प्रथमा' या मादीच्या पाठीवर उपग्रह प्रक्षेपक बसवला गेला, आणि त्याच मोहिमेत आणखी चार माद्यांच्या पाठीवर. पुढच्या वर्षी गुहागरची 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. जानेवारी २०२५ मध्ये उलट घडले. ओडिशात २०२१ साली खुणेची पट्टी लावलेली मादी गुहागरला अंडी घालताना आढळली. तेव्हा एका राज्याच्या किनाऱ्याचा नकाशा कासवाला पुरत नाही, हेही कळले.

वर्गात एक प्रयोग करता येईल. आपल्या तालुक्याच्या नकाशावर एखादा ओढा आधी जाड आणि मग बारीक टोकाच्या पेन्सिलीने गिरवा. प्रत्येक रेषेची जाडी मोजा, प्रमाणाने गुणा आणि तेवढ्या रुंदीत शिवारातले काय काय झाकले गेले याची यादी विद्यार्थ्यांना करू द्या.