हिरड्यांचा दाह आणि मित्रजंतूंचा शोध

शत्रूच्या गोटांत मित्र शोधण्याचा प्रसंग राजकारणांत वारंवार येतो. वैद्यकाच्या इतिहासांत तो फार उशिरां आला. जंतु म्हणजे रोग, हें समीकरण एकदां लोकांच्या मनांत ठसल्यावर, जंतु पोसून रोग हटवावा ही कल्पना विपरीतच वाटणार. हिरड्यांच्या विकारापुरता या कल्पनेचा प्रवास कसा झाला, तें पाहणें बोधप्रद आहे.

मुखांतील जंतु प्रथम पाहिले ते हॉलंडांतील डेल्फ्ट शहरीं राहणाऱ्या लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्यानें. हा गृहस्थ रोज मिठानें दांत घाशी. तरीहि दांतांच्या फटींत त्याला भिजलेल्या पिठासारखें पांढरें किटण आढळलें. स्वतः घडविलेल्या भिंगाखालीं तें धरतांच त्यांत चपळ हालचाल करणारे सूक्ष्म जीव दिसले. ही हकीकत त्यानें १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविली. तीव्र शिरक्यानें दांत धुऊनहि त्यानें पाहिलें. तेव्हां किटणाच्या बाहेरच्या अंगाचे जीव मेले, पण आंतले जिवंतच राहिले! थरांत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोंचत नाहीं, ही आजच्या दंतवैद्यासहि छळणारी अडचण अशा रीतीनें तेव्हांच उघड झाली.

पुढें दोनशें वर्षांनीं, १८८२ सालीं, मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें सिसिलींतील मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक पिलाच्या अंगांत कांटा खुपसला. कांहीं पेशी त्या कांट्याभोंवतीं जमल्या. परक्या पदार्थाला वेढून गिळणाऱ्या या पेशी म्हणजे शरीराचे शिपाईच, असा सिद्धान्त त्यानें मांडला. १९०८ सालीं एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

याच मेच्निकोव्हनें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करतांना दुसराहि विचार मांडला. मोठ्या आंतड्यांतील कुजविणाऱ्या जंतूंच्या विषानें अकालीं वार्धक्य येतें, असें त्याचें मत होतें. आंबवलेलें दूध खाणारे बल्गेरियन शेतकरी दीर्घायुषी असतात, अशी ख्याति होती. त्या विरजणांतील जंतु ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणानें १९०५ सालीं जिनीव्हा येथें वेगळा केला होता. मेच्निकोव्ह स्वतः आंबट दूध नेमानें घेई. १९१६ सालीं एकाहत्तराव्या वर्षीं तो वारला. दीर्घायुष्याचें स्वप्न राहिलें. मित्रजंतूंची कल्पना मात्र टिकली.

हिरड्यांसंबंधीं निर्णायक पुरावा १९६५ सालीं डेन्मार्कमधून आला. हाराल्ड ल्यो व त्याचे सहकारी यांनीं निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दांत घासणें बंद करावयास लावलें. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां दांत घासूं लागतांच त्या बऱ्या झाल्या.

सूज मात्र दीर्घकाळ राहिली तर कथा बदलते. काहींच्या बाबतींत दांताभोंवतींचें जबड्याचें हाड झिजूं लागतें व अखेर दांत हलूं लागतो. विशेष हें कीं, हाड जंतु खात नाहींत. त्यांच्याशीं झुंजणाऱ्या शरीराच्या दाहानें हाड विरघळविणाऱ्या पेशी चेतावतात. मेच्निकोव्हचे शिपाई किल्ला राखतां राखतां तटच ढांसळवितात!

म्हणूनच त्याच्या दोन्ही कल्पना आज हिरडींत एकत्र आल्या आहेत. २००१ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनीं ‘प्रोबायोटिक’ची व्याख्या केली: योग्य प्रमाणांत दिल्यास आरोग्यास हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्म जीव. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तीस रुग्णांच्या दांतांचीं मुळें साफ केल्यावर कांहींना लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी जंतूंच्या गोळ्या बारा आठवडे दिल्या. त्यांच्या खोल खांचा अधिक भरून आल्या. परंतु असे प्रयोग लहान आहेत व सर्वांचे निष्कर्ष एकसारखे नाहींत. शिवाय गुण विशिष्ट जातीच्या जंतूचा असतो. म्हणून घरच्या दह्यास तो आपोआप लागू होत नाहीं. आम्ल निर्माण करणारे कांहीं जंतु तर दांत किडण्यासहि हातभार लावतात.

तात्पर्य, मित्रजंतु हे साह्यकर्ते आहेत, तारणहार नव्हेत. किटण काढल्यावांचून त्यांना रणांगणच मिळत नाहीं. आणि झिजलेलें हाड केवळ गोळीनें परत येत नाहीं. हिरडींतून प्रथम रक्त दिसतांच दंतवैद्याकडे जाणारा मनुष्य बहुधा आपले दांत राखतो.