अंडाशयाच्या कर्करोगातील प्रथिन-खुणा

अंडाशयाच्या गाठीतील पेशींमध्ये आढळणारी आणि रोगाचा प्रकार ओळखायला मदत करणारी प्रथिने. ती पाहण्याच्या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात. फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेला तुकडा मेणात बसवून त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप घेतात. विशिष्ट प्रतिपिंड आपल्या प्रथिनाला चिकटले की तिथे सहसा तपकिरी रंग उमटवला जातो.

सर्वाधिक आढळणाऱ्या उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगात पॅक्स-८ व डब्ल्यूटी-१ ही प्रथिने बहुधा रंगतात. पी-५३ मात्र फार काळजीपूर्वक वाचावे लागते. जवळपास सर्व केंद्रके गडद रंगणे जितके विकृत, तितकेच एकही न रंगणे. पण शेजारच्या निरोगी पेशी रंगलेल्या असतील, तरच त्या कोरेपणाला अर्थ. क्लिअर सेल प्रकारात नॅप्सिन-ए उपयोगी पडते. मोठ्या आतड्यातून अंडाशयात पसरलेली गाठ बहुधा सीके-२० दाखवते.

रक्तातील सीए-१२५ या प्रथिनाची तपासणी वेगळी. पोटाच्या क्षयरोगातही ते वाढते, म्हणून आपल्याकडे केवळ त्या आकड्यावरून कर्करोग ठरवणे धोक्याचे.

किनवटसारख्या जंगल-डोंगराच्या तालुक्यातून ऊतक दूरच्या प्रयोगशाळेत जाते, तेव्हा सारी मदार फॉर्मॅलिनवर असते. गाठ काढताच ती स्वतःच्या आकारमानाच्या दहापट द्रावणात बुडाली पाहिजे. उशीर झाला तर प्रथिने नासतात. मेणाचा ठोकळा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. दुसऱ्या मतासाठी तो मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या (स्थापना १९४१) केंद्रात तपासता येतो. कुटुंबाने अहवालासोबत त्या ठोकळ्याचा क्रमांकही जपून ठेवावा.