बियाण्यापासून विद्युत्मंडलापर्यंत



इंदूर जिल्ह्यातील गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव धारण करून आहे. भोवती माळव्याची काळी जमीन. या जमिनीत कापूस पिकविणाऱ्या कुणब्याने वनस्पतिशास्त्र वाचलेले नव्हते. पण कोणत्या झाडाचे बी राखावे, हे तो जाणत असे. कापसाच्या सुधारणेसाठी १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली इंदुरास वनस्पती-संशोधनाची संस्था निघाली, तिला जमीन होळकर संस्थानाने दिली होती. बियाणे निवडण्याचे हे प्राचीन तत्त्व पुढे शेताचा बांध ओलांडून यंत्रविद्येत कसे शिरले, ते आज पाहू.

१९६०नंतरच्या दशकात बर्लिन येथे इंगो रेखेनबर्ग व हान्स-पॉल श्वेफेल यांनी यंत्रभागाच्या आकारात थोडा थोडा बदल करून सरस तेवढा ठेवण्याची रीत अवलंबिली. मिशिगन विद्यापीठातील जॉन हॉलंड यांनी १९७५च्या आपल्या ग्रंथात अशा विचाराला गणिती बैठक दिली. ही रीत अशी: संभाव्य उत्तरे शून्य आणि एक यांच्या माळांत लिहावी, प्रत्येक माळेची परीक्षा घ्यावी, सरस माळांचा संकर करावा, क्वचित एखादा अंक पालटावा, आणि नव्या पिढीची पुन्हा परीक्षा घ्यावी.

अंकीय विद्युत्मंडलाचा व्यवहारही शून्य आणि एक यांचाच. परंतु त्याची रचना शोधणे सोपे नव्हे. चार तारांनी संदेश घेऊन एका तारेने उत्तर देणाऱ्या मंडलाची ६५,५३६ निरनिराळी कार्ये संभवतात. पाचवी तार जोडताच ती संख्या ४०० कोटींच्या वर जाते. आणि एकेक कार्य साधण्याच्या जोडण्या तर असंख्य! तेथे माणसाच्या ठराविक आराखड्यांबाहेरचा शोध घेण्यास ही रीत उपयोगी वाटली.

१९९६ साली इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी ती प्रत्यक्ष सिलिकॉनच्या चिपवर चालविली. अंकांच्या माळेने आतील जोडण्या बदलता येतील, अशी ती चिप होती. तिचे अवघे १०० घटक त्यांनी वापरावयास दिले आणि काल मोजणारे घड्याळ मुद्दाम वगळले. सेकंदास १,००० कंपनांचा संदेश कोणता आणि १०,००० कंपनांचा कोणता, हे मंडलाने ओळखावयाचे होते. दर पिढीत ५० माळा. काही आठवडे आणि सुमारे ५,००० पिढ्या लोटल्या, आणि मंडल अचूक उत्तर देऊ लागले.

नवल पुढेच आहे. काही घटक उत्तराच्या मार्गाशी तारेने जोडलेलेच नव्हते. तरी त्यांना निष्क्रिय केले की मंडल बिघडे! चिपच्या दुसऱ्या भागात तीच रचना तितकी चांगली चालेना, आणि उष्णमान फार बदलले तरी काम ढळे. त्या विशिष्ट चिपचे सूक्ष्म भौतिक गुणही निवडीने वेचून घेतले होते.

कारखानदार येथे थबकला तर नवल नाही. त्याला एकसारख्या लाखो वस्तू हव्या असतात. मात्र यात दोष परीक्षेचा होता. एकाच चिपवर परीक्षा घेतली, तर त्या चिपपुरतेच उत्तर मिळणार. पुढे थॉम्पसन यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील चिपा निरनिराळ्या उष्णमानांत ठेवून परीक्षा घेतली, तेव्हा अधिक टिकाऊ मंडले लाभली. जपानात तेत्सुया हिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच अडचण कामास लावली. भ्रमणध्वनीतील संदेश गाळणाऱ्या चिपांत निर्मितीच्या वेळी जो बारीक फरक राहतो, तो या रीतीने प्रत्येक चिपची स्वतंत्र जुळणी करून भरून काढता येतो, हे त्यांनी दाखविले.

कुणबी केवळ बोंडाचा आकार पाहून बी राखील, तर कीड वा अवर्षण यांत टिकाव धरण्याचा गुण त्याच्या हाती लागेलच असे नाही. मंडलाचेही तसेच. निवडीचे कष्ट यंत्रावर सोपविता येतात. कोणत्या कसोटीवर निवडावयाचे, हे माणसालाच ठरवावे लागते. असे मंडल उद्या रेल्वेच्या सिग्नलात वा रुग्णाच्या उशाशी बसवावयाचे असेल, तर त्याची कसोटी कोणी आणि कशी ठरविली, हे आपण प्रथम विचारले पाहिजे.