हार्डवेअर मॉनिटर चिप

हार्डवेअर मॉनिटर चिप : संगणकाच्या मदरबोर्डवरील तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग सतत मोजणारी व त्या मोजमापानुसार पंखे चालवणारी चिप. सुटी चिप आता क्वचितच आढळते. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत ती सुपर आय-ओ या बहुउद्देशीय चिपचाच भाग असते. सर्व्हरमध्ये हे काम बीएमसी हा स्वतंत्र नियंत्रक करतो. पंख्याचे नियम एकदा चिपमध्ये भरले गेले की ती ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून राहत नाही. त्यामुळे संगणक ‘हँग’ झाला, तरी पंख्यांचे नियंत्रण चालूच राहते.

इतिहास : फिलिप्स कंपनीची आय-टू-सी ही दोन तारांची संदेशवहन पद्धत १९८२ मध्ये आली. तिच्यावर आधारलेली आणि अशा चिपची मोजमापे वाचण्यासाठी वापरली जाणारी एसएमबस पद्धत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम७८ ही चिप मदरबोर्डवर दिसू लागली. तिच्यात सात व्होल्टेज, तीन पंखे आणि स्वतःचे एक तापमान मोजण्याची सोय होती. पुढे विनबाँड, आयटीई, फिनटेक या तैवानी कंपन्यांनी हे क्षेत्र व्यापले. विनबाँडचा हा विभाग २००८ मध्ये नुव्होटॉन या नावाने वेगळा झाला. नॅशनल सेमिकंडक्टर २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये विलीन झाली.

तापमानमापन : यासाठी तीन प्रकारचे संवेदक वापरतात. (१) थर्मिस्टर : तापमान वाढले की याचा रोध कमी होतो. २५° से. ला १० किलोओहम रोध असणारा प्रकार मदरबोर्डवर सर्रास आढळतो. (२) थर्मल डायोड : हा प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच घडवलेला असतो. चिप त्यातून आळीपाळीने एक लहान व एक मोठा प्रवाह सोडते आणि दोन्ही वेळच्या व्होल्टेजमधील फरक मोजते. हा फरक निरपेक्ष तापमानाच्या सम प्रमाणात असतो. प्रवाहांचे गुणोत्तर १० : १ असेल, तर तो दर अंशाला सुमारे १९८ मायक्रोव्होल्टने वाढतो. इतक्या सूक्ष्म फरकावर सगळे मापन उभे असल्याने वाटेतील तांब्याच्या पट्टीचा रोधही वाचनात चूक आणतो. (३) अंकीय संवेदक : यात मापन प्रोसेसर स्वतः करतो आणि मॉनिटर चिपला तयार आकडा पाठवतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हा आकडा कमाल मर्यादेपासून किती अंश खाली आहोत, अशा स्वरूपाचा असतो. एएमडीच्या रायझन १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांत पंख्यांच्या नियंत्रणासाठी दिला जाणारा आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंशांनी जास्त ठेवलेला होता.

व्होल्टेजमापन : एलएम७८ मधील आठ बिटांचा परिवर्तक (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग) ० ते सुमारे ४ व्होल्ट एवढेच मोजू शकतो, त्याची एक पायरी १६ मिलिव्होल्टची असते. १२ व्होल्टची वाहिनी थेट जोडता येत नाही, म्हणून दोन रोधांनी तिचे विभाजन करतात. २८ व १० किलोओहमचे रोध घेतले, तर चिपला १२ ऐवजी सुमारे ३.१६ व्होल्ट मिळतात आणि आकडा १९७ येतो. हा आकडा १६ मिलिव्होल्टने व पुन्हा ३.८ ने गुणला की ११.९८ व्होल्ट हे उत्तर मिळते. यातील ३.८ हा गुणक चिपला ठाऊक नसतो. तो मदरबोर्ड बनवणाऱ्याने निवडलेल्या रोधांवर ठरतो आणि तो प्रसिद्ध करण्याची प्रथा नाही. एखाद्या सॉफ्टवेअरने ३.८ ऐवजी ४ हा गुणक धरला, तर त्याच १९७ चे १२.६१ व्होल्ट होतात. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टच्या वाहिनीला ५ टक्के कमीजास्त, म्हणजे ११.४० ते १२.६० व्होल्ट, एवढी मुभा आहे. १२.६१ हा आकडा या मर्यादेबाहेर पडल्याने निर्दोष एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) सदोष ठरतो. म्हणून व्होल्टेजबद्दल शंका आल्यास मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय एसएमपीएस बदलू नये.

पंख्यांचे मापन व नियंत्रण : पंखा एका फेऱ्यात सामान्यतः दोन स्पंद पाठवतो. चिप वेग थेट मोजत नाही. एका फेऱ्याला लागणारा वेळ २२.५ किलोहर्ट्झच्या घड्याळाने मोजते व त्याला ठरावीक भाजकाने भागते. मिनिटाला ३,००० फेरे आणि भाजक २ असेल, तर मोजणी २२५ येते. त्याच भाजकाने १,५०० फेऱ्यांची मोजणी ४५० होते. आठ बिटांत २५५ च्या वर आकडा मावत नसल्याने फिरता पंखा ‘बंद’ दिसतो. भाजक ४ केला की मोजणी पुन्हा २२५ वर येते. जुन्या मदरबोर्डवर पंख्याचा खोटा इशारा येण्यामागे पुष्कळदा हेच कारण असे.

तीन तारांच्या पंख्याचा वेग त्याचे व्होल्टेज कमीजास्त करून बदलतात. चार तारांच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि चौथ्या तारेवरून सुमारे २५ किलोहर्ट्झचा नियंत्रक संकेत जातो. ही वारंवारता कानाला ऐकू येत नाही. चौथी तार तुटली, तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. ही योजना सुरक्षिततेसाठीच केलेली आहे.

सॉफ्टवेअर : लिनक्ससाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला एलएम-सेन्सर्स हा प्रकल्प महत्त्वाचा, त्याचे ड्रायव्हर २.६ या आवृत्तीपासून मूळ कर्नेलमध्ये आहेत. विंडोजवर स्पीडफॅन व एचडब्ल्यूइन्फो हे प्रोग्रॅम परिचित आहेत.

   

दौलताबाद परिसरातील वापर : दौलताबाद छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागाचे कमाल तापमान ४०° से. किंवा त्याहून वर जाते. हवेने थंड होणारा प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड राहू शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा ३५ अंशांनी तापत असेल, तर जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत तो ६० आणि मे महिन्यात ४१ अंशांच्या खोलीत ७६ दाखवील. दोन्ही वेळा यंत्राची स्थिती सारखीच असते. मात्र मे महिन्यातील दुपारी पंखा आधीच जवळपास पूर्ण वेगात असल्याने काम वाढले की हाताशी काही शिल्लक राहत नाही. मग प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानदाराला वाटते, की संगणक जुना झाला.

रस्त्यालगतच्या दुकानांत धुळीचा त्रास मोठा. हीट सिंकच्या पात्यांत धूळ दाटली, की हवा पुढे जात नाही, पण पंखा फिरतच असतो. चिप फेरे मोजते, हवा मोजत नाही. वेग नेहमीचा आणि तापमान चढते, अशी जोडी दिसली की आधी ब्लोअर मारावा, नंतर थर्मल पेस्ट बदलावी.

शेतीपंप एकाच वेळी सुरू झाले, की गावात विजेचा दाब उतरतो. चिपला हे कळत नाही, कारण ती भिंतीतील २३० व्होल्ट पाहतच नाही; एसएमपीएसने तयार केलेले १२, ५ व ३.३ व्होल्ट पाहते. एसएमपीएस शेवटपर्यंत ते टिकवून धरतो आणि पडद्यावर सारे ठीक दिसत असतानाच संगणक बंद पडतो. त्यावर उपाय यूपीएस किंवा स्टॅबिलायझर हाच.

मर्यादा : प्रोसेसरचे दीर्घकाळ चालू शकणारे तापमान किती असावे, याबाबत जाणकारांत एकवाक्यता नाही. एका यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहणेही फारसे उपयोगाचे नाही. यंत्र नवे असताना, एक ठरावीक काम चालवून, प्रोसेसरचे तापमान, पंख्याचा वेग आणि खोलीचे तापमान असे तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत व दरवर्षी मार्चमध्ये तेच काम चालवून ते पुन्हा घ्यावेत. प्रोसेसर व खोली यांच्या तापमानांतील फरक वाढत असेल, तर दुरुस्ती उन्हाळ्यापूर्वी उरकून घ्यावी.